दोन बशा, दोन झाकणं

११ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. यावेळी तो गृहीत धरू नका. फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. कागदावर तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, एवढ्या एका सोयीसाठी लिहायला बसले आहे.

कालचा तुमचा सोहळा पाहिला. मला पहिल्या रांगेत बसवलंत. खुर्चीच्या पाठीवर 'दात्याचे कुटुंबीय' अशी चिठ्ठी चिकटवली होती. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्या साडीला चिकटून घरापर्यंत आली. शेजारणीनं सोडवली आणि विचारलं, "कसले दाते? काय दान केलंत?" मी म्हटलं, "नवरा."

तुमच्या भाषणाबद्दल बोलायचं तर ते बरंच लांबलं. कुलगुरू जांभई गिळत होते आणि तुम्हाला ते मान डोलावताहेत असं वाटत होतं. कातडीची पेशी घ्यायची, तिला आपण कातडी आहोत हे विसरायला लावायचं, गर्भात होती तशी कोरी करायची आणि मग सांगायचं, आता हृदय हो. हे मला समजलं. तुमचे लेख मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते, तुमच्या बायकोसारखी नुसती फ्रेममध्ये लावून ठेवत नाही. काम मोठं आहे, ते मी नाकारत नाही. पण काम मोठं आहे म्हणून माणूस मोठा होतो, असा तुमचा जो समज झाला आहे, त्याला मात्र कुठल्याही लेखात पुरावा सापडला नाही.

"माझे थोरले बंधू, व्यवसायानं अभियंते." असं म्हणालात तुम्ही माइकवरून. भाऊजी, तुमचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. नखात ग्रीस असायचं, ते लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतं. तुमच्याच या इमारतीची मागची लिफ्ट बंद पडली की कंपनी त्याला पाठवायची, आणि तो आलाय असं कळलं की तुम्ही जिन्यानं जायचात. त्याला ते कळत होतं. "बरं आहे," म्हणायचा, "तेवढाच व्यायाम होतो साहेबांना."

मग दिवे मालवलेत आणि पडद्यावर तो राखाडी ठिपका आला. आकसत होता, सैल होत होता. तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "हे माझ्या भावाचं हृदय. तो गेला, हे चालू आहे." टाळ्या पडल्या. आरामखुर्चीत, हातात चहाचा कप धरून गेलेल्या माणसाला टाळ्या. कप सांडला नव्हता, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही आलात तेव्हा मी तो धुऊन ठेवला होता.

ठोका फार शिस्तीत होता. जिवंतपणी तुमच्या भावाचं हृदय असं कधी चाललं नाही. दोन ठोके पडायचे, तिसरा गळायचा, मग घाईघाईनं भरून काढल्यासारखा एक. त्याच्या छातीवर कान ठेवला की वाटायचं, कोणीतरी जिना उतरतंय आणि दरवेळी त्याची एक पायरी चुकतेय. चहाच्या वेळी तुम्हाला हे विचारलं तर हसलात. "वहिनी, त्या पेशींना आम्ही आमचं नवं औषध दिलंय. तीच तर औषधाची कमाल!"

तुमच्या भावाची कातडी घेतलीत त्याच दिवशी माझ्याही दंडाची घेतली होती, निरोगी माणसाशी ताडून बघायला. तिचं काय झालं, हेही विचारलं.

"तुमच्या पेशी ना? जरा नाठाळ निघाल्या हो. ठोका धड देईनात. निरोगी नमुना म्हणून काय उपयोग? काढून टाकल्या. मनाला लावून घेऊ नका."

तुमच्या शेजारचे दोघे हसले. हसू दे. पण या वयापर्यंत माझ्या हृदयाला नाव ठेवायची हिंमत फक्त तुमच्याच घराण्यानं केली आहे.

आता एक काम. तो ठिपका ज्या काचेच्या बशीत ठेवलाय, त्या बशीपाशी मला यायचं आहे. पडदा नको, माइक नको, पुष्पगुच्छ तर मुळीच नको. तुमचा पुष्पगुच्छ प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुदमरून संध्याकाळी वारला. तुम्ही 'हो' म्हणाल असं धरून चालते. 'नाही' म्हणालात तरी येईन, मागच्या लिफ्टनं.

वहिनी


७ मार्च

भाऊजी,

परवानगीबद्दल आभार मानायचे राहिले होते. मानले.

गुरुवारी येते. गुरुवारी तुम्ही कुठल्याशा समितीत असता आणि लॅबमध्ये हवा चांगली असते. तुमची विद्यार्थिनी मला 'मावशी' म्हणते. डोक्यावर टोपी, तोंडाला कापड, त्यामुळे ती दिसायला कशी आहे ते अजून मला ठाऊक नाही. आवाजानं ओळखते. इन्क्युबेटर म्हणजे भिंतीतलं कपाट, आत माणसाच्या अंगाइतकी ऊब. ती बशी अशी हलक्या हातानं काढते, जसं झोपलेलं मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घ्यावं.

"मावशी, थोडाच वेळ हं. बाहेर गार लागतं त्यांना."

"जिवंतपणीही लागायचं," मी म्हटलं. "पंखा लावू द्यायचे नाहीत."

ती हसली. तुमच्या लॅबमध्ये हसणं कधी ऐकलं नव्हतं, म्हणून कळवते.

मी बशीशी बोलते. हे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मोरीचा नळ बदलला, ते सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं शेवटी भांडण मिटवलं आणि मग महिनाभरात गेला, ते सांगितलं. वाचनालयात आता नवीन बाई आली आहे, ती मला विज्ञानाची पुस्तकं देताना "नातवासाठी का?" विचारते, तेही सांगितलं. नातू नाही, मूलही नाही, हे तिला सांगायचा कंटाळा येतो, म्हणून मी "हो" म्हणते. हे मात्र घरात कोणालाच सांगता आलं नसतं. घरात कोणी नाही. तो ठिपका आपला आकसतो, सैल होतो. मी रागावले तरी तसाच. तेवढा एक फरक जाणवतो. तुमचा भाऊ रागावल्यावर निदान खोकायचा.

तुमच्या मजल्यावर लिफ्टसमोर तुमचा मोठा फोटो लावला आहे. आधी लक्षात आलं नव्हतं. कडक इस्त्रीचा पांढरा डगला, हातात चिमटा, समोर दोन उघड्या बशा, दोन्हींची झाकणं बाजूला, आणि चेहऱ्यावर आताच सगळं जग निर्माण करून हात पुसल्यासारखा भाव. तो दिवस मला आठवतो. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो, दंडाला पट्ट्या लावून. तुम्ही कित्येक वर्षं स्वतः हातात चिमटा धरला नव्हता, पण विद्यापीठाचा फोटोग्राफर आला म्हटल्यावर तुम्हाला एकदम कामाचा उमाळा आला. काचेतून आम्हाला दिसत होतं. "सर, झाकणं काढा, चकाकतात," असं तो म्हणाला, आणि तुम्ही काढलीत. तुमचा भाऊ माझ्या कानात पुटपुटला, "माझ्या कातडीचं हा काय करणार गं? चप्पल?" मी इतकी हसले की परिचारिकेनं डोळे वटारले.

फोटोपुढे उभी राहून हे मी तुमच्या विद्यार्थिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, नव्या मुलांना आम्ही हाच फोटो दाखवून शिकवतो."

"काय शिकवता?"

"काय करू नये ते. नाव बशीच्या तळाला लिहायचं, झाकणावर नाही. झाकण कोणाचंच नसतं. आणि दोन माणसांच्या बशा एका वेळी उघडायच्या नाहीत."

मग तिनं जीभ चावली आणि म्हणाली, "सरांना नका सांगू हं."

सांगत नाहीये. लिहिते आहे. पण तिला काही बोललात तर माझ्याशी गाठ आहे.

वहिनी


१८ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. 'नमुन्यांच्या ओळखीबाबत किरकोळ तफावत आढळली असून आवश्यक ती कार्यवाही सुरू आहे. तूर्तास भेटी स्थगित ठेवाव्यात.' खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली दुसरा हुद्दा. मी तीनदा वाचलं आणि मला एवढंच कळलं की तुम्ही घाबरला आहात.

बाकीचं तुमच्या बायकोकडून कळलं. जाऊबाई संध्याकाळी आल्या. येतानाच रडवेल्या होत्या. "ताई," म्हणाल्या, "ह्यांनी तुम्हाला काही सांगितलं नाही?"

"पत्र पाठवलंय. पण ते कळावं म्हणून लिहिलेलं नाही."

"ज्या मासिकात लेख छापून यायचा होता ना, त्यांनी तपासणी मागितली. पेशी नक्की त्याच माणसाच्या आहेत का, अशी. सगळ्यांकडूनच मागतात म्हणे हल्ली. तर त्या... ताई, त्या दादांच्या नाहीतच. बाईच्या आहेत."

"कुठल्या बाईच्या?"

आता हसायला हरकत नाही, म्हणून सांगते. त्या एका क्षणात तुमच्या भावाच्या लिफ्ट कंपनीतली टेलिफोनवाली, आमच्या जुन्या घरासमोरची शिंपीण, सगळ्या माझ्या डोळ्यांसमोरून गेल्या. मेलेल्या नवऱ्यावर मी संशय घेतला. त्याच्या बशीत दुसरी बाई सापडली म्हणून.

"अहो ताई, तुमच्या! तुमच्याच पेशी आहेत त्या. कातडी घेतली त्या दिवशी तुमचं रक्तही घेतलं होतं ना, त्याच्याशी ताडून बघितलं."

भाऊजी, मी नळ बदलल्याचं माझ्याच हृदयाला सांगत होते. 'तुझ्याशिवाय घर खायला उठतं' हे मी माझ्याच हृदयाला सांगत होते, जणू त्याला ते माहीत नव्हतं. आणि ते बिचारं सरळ चालत राहिलं, कारण त्याला कधी काही झालंच नव्हतं. तुमचं औषधही त्यालाच पाजलंत आणि 'बघा, सुधारलं' म्हणून नाचलात. धडधाकट बाईला गोळी देऊन ती धडधाकट राहिली, यावर तुम्हाला टाळ्या मिळाल्या.

पण हे मी गिळलं असतं. मला हसं होण्याची सवय आहे. दुसरी गोष्ट गिळता येत नाही. बशा बदलल्या, म्हणजे दोन्ही बदलल्या. ज्या तुम्ही माझ्या समजत होता, ज्या नाठाळ होत्या, ठोका धड देत नव्हत्या, त्या त्याच्या होत्या. तो तुमच्यासमोर बशीत होता. त्याच्या त्या चुकार ठोक्यासकट तो जसा होता तसा तुमच्यासमोर आला, आणि तुम्हाला तो तुमच्या लेखात बसेना, म्हणून तुम्ही त्याला काढून टाकलंत. रोगी माणसाचा रोग दिसला, तर तुमचा पहिला विचार हा की ही बाईच खराब आहे!

दुसऱ्या दिवशी मी लॅबवर आले होते. तुम्ही 'कामात' होता. विद्यार्थिनी जिन्यात बसली होती, तोंडावरचं कापड हातात. पहिल्यांदा चेहरा पाहिला तिचा. चौकशी समितीपुढे तुम्ही तिचं नाव दिलं आहे म्हणे, 'कनिष्ठ पातळीवरील हाताळणीत चूक'. कातडी घेतलीत त्या दिवशी ती तुमच्या लॅबमध्ये तरी होती का हो? तिच्या आधी दोन मुली येऊन, रडून, निघून गेल्या होत्या.

मी तिला एकच विचारलं. "त्याचं काही उरलंय का गं?"

"एक कुपी आहे, मावशी. बाकीच्या फेकल्या, पण नियमानं प्रत्येकाची एक ठेवावीच लागते. द्रव नायट्रोजनच्या टाकीत आहे. तिच्यावर नाव तुमचं आहे."

माझं नाव आहे. लक्षात ठेवा.

वहिनी


२ मे

भाऊजी,

कुपी उघडण्याचं संमतीपत्र मिळालं. सही करायच्या जागेवर पेन्सिलीनं फुली मारून पाठवलंत, म्हणजे अडाणी बाईची गैरसोय होऊ नये.

नाही.

वहिनी


१४ मे

भाऊजी,

काल तुम्ही स्वतः आलात. किती वर्षांनी या घराचा जिना चढलात ते तुम्हीच आठवा. लिफ्ट नाही, म्हणून दर मजल्यावर थांबलात, त्याचा आवाज मला वरपर्यंत येत होता. हातात सफरचंदं. मी आजारी नाही, हे तुम्हाला दारातच सांगायला हवं होतं.

आपण जे बोललो ते लिहून ठेवते, कारण तुमच्या लेखांचा अनुभव लक्षात घेता तुम्ही ते वेगळंच आठवाल.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, ही कुपी उघडू द्या. दादाच्या खऱ्या पेशी वाढवतो, प्रयोग पुन्हा करतो, सुधारित निष्कर्ष छापतो. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि औषध? तुम्ही तर ते माणसांना द्यायला निघाला होतात."

"ते जरा पुढे ढकलू."

"काय कारण सांगून?"

तुम्ही सफरचंदांकडे बघितलंत. तुमच्या खालच्या मजल्यावर बाक आहे, तिथं एक माणूस दर गुरुवारी बसलेला असायचा. ओठ निळसर. "मॅडम, ते नवीन औषध कधी सुरू होणार?" असं मला विचारायचा, मी डॉक्टर आहे असं समजून. त्याला काय सांगू, हे मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुम्ही भावनिक होताय."

हो, भाऊजी. मी विधवा आहे. तो माझा पूर्ण वेळचा धंदा आहे.

मग विद्यार्थिनीचा विषय मी काढला. त्यावर तुम्ही जे बोललात ते शब्दाला शब्द देते, पुढेमागे तुम्हाला स्वतःकडे बघावंसं वाटलं तर आरसा म्हणून उपयोगी पडेल. "ती तरुण आहे. कुठेही काम मिळेल. मला या वयात हे परवडणारं नाही."

तुमचा भाऊ एकदा एका इमारतीत लिफ्टचा ब्रेक नीट न बसवता घरी आला. कोणाला काही झालं नव्हतं, होणारही नव्हतं कदाचित. जेवता जेवता उठला, परत गेला, दारावर पाटी लावली, 'लिफ्ट बंद आहे. चूक माझी आहे.' खाली नाव लिहिलं. कंपनीनं झापलं. मी म्हटलं, अहो, 'बंद आहे' एवढंच लिहायचं होतं. तो म्हणाला, "मग लोक दुसऱ्यावर चिडतील ना." ही गोष्ट तुम्हाला सांगितली, तेव्हा तुम्ही घड्याळ बघत होता.

शेवटी वैतागून विचारलंत, "तुम्हाला नक्की हवंय काय?"

"त्याच सभागृहात, त्याच माइकवरून म्हणायचं, 'झाकणं मी बदलली.'"

"एवढंच?"

"एवढंच तुम्हाला जड जाणार आहे."

तुम्ही म्हणालात की पुरावा नाही. मी म्हटलं, तुमच्या लिफ्टसमोर दोन हात लांबीचा पुरावा टांगलाय, खाली तुमच्या नावाची पितळी पट्टी आहे. झाकणांवर नावं, तळ कोरे, दोन्ही बशा उघड्या. तुम्ही तो फोटो कधी नीट बघितलाच नसेल. माणूस स्वतःच्या फोटोत चेहऱ्यापलीकडे काही बघत नाही.

जाताना दारात तुम्ही एक खरं बोललात, त्याची नोंद करते. म्हणालात, "वहिनी, कुपी वितळवली की निम्म्या पेशी मरतात. कधी कधी सगळ्याच. मग काहीच उरणार नाही. तुम्हाला ते चालेल?"

रात्रभर त्यावर विचार केला. तुम्हाला वाटलं असेल, ही घाबरून कुपी जपून ठेवेल आणि प्रकरण टाकीतच गोठून राहील. मलाही क्षणभर तसंच वाटलं. तो तिथं आहे, थंडीत का होईना, कुठेतरी आहे, एवढ्यावर माझे राहिलेले दिवस निघाले असते. पण माझ्या नावाखाली, 'नाठाळ' म्हणून, एका खोट्याची झाकपाक करायला तो तिथं पडून राहणार असेल, तर नको. त्यापेक्षा गेला तर जाऊ दे. एकदा सोसलंय.

म्हणून सही करते. आधी तुम्ही सभागृहात बोला, मग कागद तुमच्या हातात पडेल. आणि दुसरी अट: कुपीला हात तुम्ही लावायचा नाही. ती मुलगी लावेल. तुमचे हात बघितले आहेत आम्ही, दोघांनी, काचेतून.

सफरचंदं शेजारणीला दिली. पिठूळ होती म्हणाली.

वहिनी


२३ जुलै

भाऊजी,

आशीर्वाद.

सभागृहातल्या त्या दिवसाबद्दल मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. पेशी वाढतात की मरतात ते कळेपर्यंत तुमच्याबद्दल बरं काही लिहायची माझी इच्छा नव्हती.

अर्धं सभागृह रिकामं होतं. चिठ्ठी लावलेली खुर्ची नव्हती, मी मागे बसले. माइक खरखरला, तुम्ही घसा साफ केलात, आणि मला खात्री होती की आता 'तफावत' येणार, 'कार्यवाही' येणार. पण तुम्ही म्हणालात, "झाकणं मी बदलली. फोटो चांगला यावा म्हणून." मग ती मुलगी कुठे बसली आहे ते शोधून तिच्याकडे बघून म्हणालात की तिचा याच्याशी संबंध नाही. औषध थांबवलं असल्याचं सांगितलंत. टाळ्या पडल्या नाहीत. मी वाजवणार होते, पण म्हटलं, नको, सवय लागेल. आणि खाली उतरता उतरता, कोणी विचारलं नसताना, तुम्ही वळून माइकमध्ये म्हणालात, "माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा."

तेवढ्या एका वाक्यासाठी मी सही केलेला कागद तुमच्या हातात दिला. बाकीची वाक्यं तुमची जबाबदारी होती, हे एक तुम्ही आपणहून केलंत. यावरून मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. तुमच्याबद्दलचं माझं मत एका पायरीनं बदललं आहे. जिना बराच उंच आहे.

नंतरचे आठवडे वाईट गेले. बऱ्याच पेशी मेल्या, हे मुलीनं लपवलं नाही. "थोड्या चिकटल्यात तळाला, मावशी. बघू या." मी लॅबवर येत नव्हते. घरात पुस्तकं उघडायची आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. परवा सकाळी तिचा फोन आला. "मावशी, चालायला लागले."

तुम्ही दाराशी उभे होता. बाजूला झालात. मला वाटलं होतं काही तरी शहाणपणाचं बोलाल. बोलला नाहीत, बरं केलंत. बशी तिनं भिंगाखाली ठेवली. तळाशी नाव लिहिलेलं, त्याचं, ठळक अक्षरात. ते तिनं मला आधी दाखवलं, मग पडदा चालू केला.

दोन ठोके. तिसरा गळला. मग घाईघाईनं एक.

पुन्हा दोन. पायरी चुकली. पुन्हा घाई.

मुलगी म्हणाली, "मावशी, ठोका अनियमित आहे थोडा, पण..." मी तिला गप्प केलं. मी त्याच्याशी बोलले नाही. बोलायचं ते सगळं आधीच चुकीच्या बशीला सांगून झालं होतं, आणि तेच तेच ऐकायची त्याला आवड नव्हती. मी नुसती ऐकत होते. पडद्याला आवाज नसतो, हे मला माहीत आहे. तरी ऐकत होते.

आता हे पत्र ज्यासाठी लिहिते आहे ते. माझं लक्ष पडद्यावर आहे असं तुम्हाला वाटलं. माझा चष्मा जुना असला तरी बाजूचं दिसतं. तुम्ही डगल्याच्या बाहीआड दोन बोटं डाव्या मनगटावर ठेवली होती आणि पडद्याकडे बघत होता. तुमचे ओठ हलत होते. मी सून म्हणून तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होता, आणि पाढे म्हणताना असेच ओठ हलायचे तुमचे. मोजत होता तुम्ही. मध्येच थांबलात. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलात.

त्या दिवशी माझ्या जिन्यावर दर मजल्याला थांबत होता, ते मी वयावर ढकललं होतं. आता ढकलत नाही. तुमचे वडील असेच गेले, तुमचा भाऊ असाच गेला. हे काम तुम्ही का निवडलंत, हे इतकी वर्षं मी तुमच्या मिरवण्यात शोधत होते. सरळ विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं नसतंत म्हणा.

मनगट चाचपडत बसू नका. तुमच्याच इमारतीत दोन मजले खाली हृदयाचे डॉक्टर बसतात. विद्यापीठातले आहेत म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, गपचूप शर्टाची बटणं काढा. जाऊबाईंना घेऊन जा. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, हे उघड आहे, नाहीतर त्या सफरचंदं घेऊन तुमच्याच मागे फिरल्या असत्या. आणि जिन्यानं जाऊ नका. मागच्या लिफ्टनं जा. ती त्यानं दुरुस्त केलेली आहे, बरोबर मजल्याशी, धक्का न देता थांबते.

दाखवून या, आणि काय सांगितलं ते मला कळवा. यावेळी फोन केलात तरी चालेल.

मला आणखी एक बशी बघायला यायचं नाही.

वहिनी